संमतीचें मोल

[नभोवाणीवरील भाषण]

आठवड्याच्या बाजारांत भाजीच्या वाट्यापाशीं उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला एक अधिकार असतो. तो इतका नित्याचा आहे कीं, त्याला अधिकार म्हणावें हेंही कोणाला सुचत नाहीं. विकणारी बाई भाव सांगते. गिऱ्हाइकाला तो पटत नाहीं. ‘राहूं द्या’ म्हणून तें पुढें चालूं लागतें. चार पावलें गेल्यावर मागून हांक येते, ‘अहो, या, काय द्यायचें तें द्या!’ कधीं हांक येते, कधीं येत नाहीं. पण गिऱ्हाईक निघून जाऊं शकतें आणि बाईही आपला माल पुन्हां टोपलींत भरूं शकते, या एका गोष्टीवर तो सारा व्यवहार उभा असतो. शेवटीं जो भाव ठरतो त्यांत दोघांच्याही मनाची साक्ष असते. बाईला मेथीच्या जुडीपेक्षां पैसे अधिक हवे होते, गिऱ्हाइकाला पैशांपेक्षां जुडी अधिक हवी होती. म्हणून तर देवघेव झाली. दोन्ही पक्ष आधींपेक्षां थोडे अधिक सुखी होऊन घरीं गेले, आणि त्यासाठीं शिपायाची गरज पडली नाहीं.

सरकारी सत्तेकडे संशयानें पाहणारा जो एक विचारपंथ जगांत आहे, त्याचें बरेंचसें तत्त्वज्ञान या चार पावलांत सांठविलेलें आहे. त्या पंथाचें म्हणणें असें कीं, माणसामाणसांतील व्यवहार दोनच प्रकारचे असतात: संमतीचे आणि सक्तीचे. पहिल्यांत ‘नाहीं’ म्हणतां येतें, दुसऱ्यांत येत नाहीं. सरकार कितीही लोकप्रिय आणि सदिच्छेनें भरलेलें असलें तरी त्याच्या हुकुमामागें शेवटीं दंडशक्तीच उभी असते. म्हणून चोर, दरोडेखोर व परचक्र यांपासून रक्षण करावें, न्याय द्यावा, आणि बाकीचा संसार लोकांच्या परस्पर संमतीवर सोडावा, यांतच राज्यकर्त्यांचा शहाणपणा आहे.

हा विचार खरा किती आणि एकांगी किती, हें पारखण्यासाठीं दूरदेशचे दाखले शोधण्याचें कारण नाहीं. पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यांत हिंजवडी नांवाचें गांव आहे. म्हातोबाच्या यात्रेसाठीं आणि बगाडासाठीं पंचक्रोशींत ओळखलें जाणारें हें शेतकऱ्यांचें गांव. १९९० नंतरच्या दशकांत येथें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसविण्यास आरंभ केला, आणि पाहतां पाहतां भाताच्या खाचरांच्या जागीं काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. इन्फोसिस, विप्रो यांसारख्या कंपन्या आल्या; येथें नोकरी करणाऱ्यांची संख्या लाखांच्या घरांत गेली. या भागांत आधीं सहकारी साखर कारखाना व्हावयाचा होता; तो दुसरीकडे न्यावा आणि येथें संगणकाचा उद्योग आणावा असें आपण सुचविलें, ही हकीकत शरद पवार यांनीं स्वतः जाहीर भाषणांतून सांगितलेली आहे. संत तुकाराम सहकारी साखर कारखाना पुढें जवळच कासारसाईच्या परिसरांत उभा राहिला.

निर्णय फलदायी ठरला, हें कोणीही समंजस माणूस नाकारणार नाहीं. पण प्रश्न निराळा आहे. ऊंस कीं संगणक, हें ठरविणाऱ्यांत ज्याची जमीन होती त्याचा आवाज किती होता?

या बाबतींत कायदा काय म्हणतो तें पाहण्यासारखें आहे. महामंडळ १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमान्वयें १ ऑगस्ट १९६२ रोजीं स्थापन झालें. त्या कायद्याप्रमाणें जमीन हवी असल्यास सरकार मालकाला नोटीस देतें, आणि ती कां घेऊं नये याचें कारण दाखविण्यास सांगतें. मालकाचें म्हणणें ऐकून घेतल्यावर सरकारला योग्य वाटलें तर राजपत्रांत जाहीरनामा निघतो, आणि जमीन सर्व बोजांपासून मुक्त होऊन सरकारच्या मालकीची होते. मोबदल्याची रक्कम परस्पर करारानें ठरवितां येते. करार न जमल्यास जिल्हाधिकारी ती ठरवितो, आणि त्यावर न्यायालयांत दाद मागतां येते. कागदावर पाहिल्यास ही व्यवस्था अन्यायाची दिसत नाहीं. परंतु बारकाईनें वाचणाऱ्याच्या ध्यानांत एक गोष्ट येते. करार होऊं शकतो तो किंमतीबद्दल; द्यावें कीं न द्यावें याबद्दल नव्हे. बाजारांतील त्या गिऱ्हाइकाची चार पावलें येथें शेतकऱ्याला टाकतां येत नाहींत. आणि जेथें पाऊल मागें घेण्याची मोकळीक नाहीं, तेथें ठरलेल्या रकमेला मोबदला म्हणतां येईल, भरपाई म्हणतां येईल. भाव म्हणतां येणार नाहीं.

समजा, एका गृहस्थाचें शेत आंखलेल्या सीमेच्या आंत चार एकर आहे आणि त्याच्या शेजाऱ्याचें तितकेंच शेत सीमेच्या बाहेर आहे. माती एक, पाऊस एक, बांध एक. आंतल्याला मोबदला मिळाला तो आसपासच्या जुन्या खरेदीखतांवरून, म्हणजे शेतजमिनीचा जो भाव काल होता त्यावरून. बाहेरचा शेजारी थांबला. रस्ता आला, दिवे आले, कंपन्या आल्या. मग त्यानें एक एकर विकली, एकीवर भाड्याच्या खोल्या बांधल्या, दोन मुलांसाठीं राखून ठेवल्या. दोघांत हुशार कोण आणि आळशी कोण, याचा येथें संबंध नाहीं. नकाशावरील एका रेघेनें एकाला आपला काळ निवडूं दिला, दुसऱ्याला दिला नाहीं. महामंडळानें तीच जमीन पुढें उद्योगांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानें दिली. जमिनीच्या भावीं काळांतील वाढीवर मूळ धन्याचा हक्क मोबदला घेतल्याच्या दिवशींच संपला होता.

ज्या तालुक्यांत हिंजवडी मोडते, त्या मुळशी तालुक्यानें हा प्रश्न पूर्वीं एकदां फार मोठ्या आवाजांत विचारलेला आहे. मुंबईला वीज हवी होती. टाटांच्या वीज-कंपनीनें मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमापाशीं धरण बांधण्याचें योजिलें, आणि इंग्रज सरकारनें १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीच्या मदतीस दिला. पन्नासाच्या आसपास गांवें पाण्याखालीं जावयाचीं होतीं. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनीं त्यांचें नेतृत्व केलें. बापटांना ‘सेनापति’ हें नांव या लढ्यानेंच दिलें. १९२४ पर्यंत झुंज चालली, आणि मावळे हरले. धरण झालें, त्याची वीज मुंबईला गेली.

मुळशीची कथा गरीब विरुद्ध श्रीमंत एवढीच म्हणून सांगितली जाते. स्वातंत्र्यवादी तींत आणखी एक गोष्ट पाहतो. कंपनीजवळ पैसा होता. मावळ्यांजवळ जमीन होती. मावळे ‘हो’ म्हणेपर्यंत भाव चढवीत जाणें हा बाजाराचा मार्ग कंपनीपुढें होता. पण ज्याला सरकारची काठी उसनी मिळते, त्याला भाव चढवावा लागत नाहीं. म्हणून प्रबळ सरकार हें धनवानांवरील अंकुश असतें, ही समजूत नेहमींच खरी ठरत नाहीं. कित्येकदां तें धनवानांचें सर्वांत स्वस्त हत्यार असतें. त्यांतच दुसरी गोष्ट अशी कीं, मुळशीच्या अनेक जमिनी सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या. सावकाराला रोख मोबदला गैरसोयीचा नव्हता. कसणाऱ्याला मात्र त्या रकमेंत आपलें गांव, आपली देवराई, आपला पिढ्यांचा अनुभव परत विकत मिळणार नव्हता. एकाच जमिनीचें मोल माणसागणिक निराळें असतें. सरकारी तक्त्यांत तें एकच असतें.

हें ‘मोल माणसागणिक निराळें’ असणें हा या विचाराचा दुसरा आधार आहे. फ्रीड्रिख हायेक या अर्थशास्त्रज्ञानें १९४५ सालच्या एका निबंधांत असें मांडलें कीं, समाजांतील ज्ञान लाखों डोक्यांत विखुरलेलें असतें. तें सारें एका कचेरींत गोळा करणें कोणत्याही अधिकाऱ्याला शक्य नाहीं. भाव हा त्या विखुरलेल्या ज्ञानाचा निरोप्या असतो. माल कोठें कमी आहे, कोठें अधिक आहे, कोणीं काय पेरावें, कोणीं काय वांचवावें, हें तो कोणालाही हुकूम न करतां सांगतो. निरोप्याचें तोंड दाबलें म्हणजे टंचाई नाहींशी होत नाहीं. तिची बातमी तेवढी बंद होते.

याचें उदाहरण हिंजवडीहून फार दूर नाहीं. ईशान्येस, पुणें-नाशिक रस्त्यावर चाकण आहे. आज तें मोटारींच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध आहे. पण त्याची जुनी ओळख कांद्या-बटाट्याची पेठ अशी आहे. बर्न येथील जागतिक टपाल संघाच्या कचेरींतील नोकरी सोडून शरद जोशी मायदेशीं परतले आणि चाकणजवळ आंबेठाण येथें त्यांनीं कोरडवाहू जमीन घेतली. प्रत्यक्ष नांगर धरल्यावर त्यांना दिसलें कीं, शेतकऱ्याचें दारिद्र्य हें दैवाचें किंवा आळसाचें फळ नसून पुष्कळसें धोरणाचें फळ आहे. कांदा शहरांत महागला कीं निर्यातीला बंदी होई. कांदा मातीमोल झाला म्हणजे मात्र तो शेतकऱ्याच्या नशिबाचा भाग ठरे. १९७८ सालीं आणि पुन्हां १९८० सालीं चाकणला कांद्याचें आंदोलन झालें, आणि त्यांतून शेतकरी संघटना महाराष्ट्रभर पसरली. आरंभीं त्या आंदोलनानें सरकारी खरेदीचीही मागणी केली होती, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. पण जोशींचा विचार पुढें अधिकाधिक स्पष्ट होत गेला: सरकारनें उपकार करूं नयेत, आणि वाटही अडवूं नये. १९९४ सालीं त्यांनीं स्वतंत्र भारत पक्ष स्थापन केला तो याच भूमिकेवर. १२ डिसेंबर २०१५ रोजीं त्यांचें निधन झालें.

त्यांच्या पश्चातही तो प्रश्न मिटला नाहीं. ऑगस्ट २०२३ मध्यें कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविण्यांत आलें. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद करण्यांत आली. ती ४ मे २०२४ रोजीं खुली झाली, पण शुल्कासह. आणि शुल्क पुरतें उठलें तें १ एप्रिल २०२५ रोजीं. शहरांतील गृहिणीला स्वस्त कांदा मिळावा ही इच्छा वाईट नाहीं. पण त्या इच्छेचा खर्च कोणाच्या खिशांतून झाला? ज्यानें कांदा पिकविला त्याच्या. त्याला कोणीं विचारलें नव्हतें. शहरांतील घरांत पंचवीस पैशांचीही वर्गणी मागावयाची झाल्यास आधीं दार ठोठवावें लागतें.

येथवर एक बाजू झाली. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निर्णय देणें हें न्यायाचें होणार नाहीं. आणि ती बाजू मांडणारे महाराष्ट्रांत लहानसहान नव्हते. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत हिंदी अर्थशास्त्रावर जें व्याख्यान दिलें, त्यांत त्यांनीं हेंच सांगितलें कीं, सरकारनें हात बांधून बसावें हा इंग्रजी पंडितांचा सिद्धांत सर्व देशांना व सर्व काळांना लागू पडत नाहीं. जेथें भांडवल विखुरलेलें, लोक अननुभवी आणि उद्योग मागासलेले, तेथें सरकारनें पुढाकार घेतलाच पाहिजे. रानड्यांच्या दृष्टीनें पाहणारा हिंजवडीकडे बोट दाखवून म्हणेल: महामंडळ नसतें तर हे कारखाने, या नोकऱ्या, खेड्यापाड्यांतून आलेल्या या पदवीधर मुलामुलींचे पगार कोठून आले असते?

त्याचा दुसरा मुद्दा अधिक अवघड आहे. रस्ता सरळ जावयाचा असतो. नव्याण्णव मालकांनीं जमीन दिली आणि मधल्या एकानें ‘नाहीं’ म्हटलें, तर त्या एकाचा नकार नव्याण्णवांच्या होकारावर स्वार होतो. तो मग मातीची किंमत मागत नाहीं. इतरांच्या अडचणीची किंमत मागतो. यालाही स्वातंत्र्य म्हणावयाचें काय? हिंजवडीला जाणाऱ्या रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ तासन्‌ तास अडकून पडणाऱ्या नोकरदाराला या प्रश्नाचें उत्तर ग्रंथांतून शोधावें लागत नाहीं.

आणि तिसरा मुद्दा तर दोन्ही पक्षांना लाजविणारा आहे. सात-बाऱ्यावर ज्याचें नांव, त्याची संमति; पण ज्याचें नांव नाहीं त्याचें काय? वाट्यानें कसणारा, मजुरीनें राबणारी, बांधावर शेळ्या चारणारा, जिचें नांव उताऱ्यावर कधीं चढलेंच नाहीं अशी लेक किंवा सून, यांना भूसंपादनाचा अधिकारीही विचारीत नाहीं आणि खुल्या बाजारांतील खरेदीदारही विचारीत नाहीं. संमतीचा गौरव करणाऱ्यानें संमति कोणाची हा प्रश्न टाळून चालणार नाहीं.

या आक्षेपांना स्वातंत्र्यवाद्याजवळ संपूर्ण उत्तर नाहीं. पण कांहीं उत्तर आहे, आणि तें पुण्याच्याच दुसऱ्या टोंकाला विटा-सिमेंटांत उभें आहे. हडपसरच्या मगरपट्ट्यांत सुमारे १२० शेतकरी कुटुंबांची मिळून सुमारे ४०० एकर सलग जमीन होती. शहर वाढत येत होतें, आणि ही जमीन एक तर सरकारच्या कायद्यांत सांपडणार किंवा बिल्डरांच्या हातीं तुकड्यातुकड्यांनीं जाणार, हें दिसत होतें. तेव्हां सतीश मगर यांच्या पुढाकारानें या कुटुंबांनीं जमीन विकण्याऐवजीं एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली, आणि ज्याची जितकी जमीन तितके त्याचे भाग असें ठरविलें. २००० सालच्या सुमारास काम सुरू झालें. घरें, कचेऱ्या, बागा, शाळा यांची एक नगरी उभी राहिली, आणि जमिनीच्या वाढत्या मोलांत मूळ मालक भागीदार राहिले. येथेंही संगणकाच्या कंपन्या आल्या. मात्र त्या येण्यासाठीं कोणावरही कारणें दाखवा म्हणून नोटीस बजावावी लागली नाहीं.

मगरपट्टा सर्वत्र होणार नाहीं. तेथें भाऊबंदकीच्या जागीं भाऊपणा होता, बहुतेक कुटुंबें एका आडनांवाचीं, एकमेकांना ओळखणारीं, पुढारी विश्वासाचा, आणि डोक्यावर सरकारी कायद्याची टांगती तलवार असल्यामुळें एकी करण्याची घाईही होती. हे सारे योग हुकमी जमत नाहींत. पण या उदाहरणानें एक गोष्ट सिद्ध होते: ‘सक्तीशिवाय हें शक्यच नव्हतें’ असें जेव्हां सांगितलें जातें, तेव्हां तें वाक्य सिद्ध करण्याचा भार सांगणाऱ्यावर असतो. पुष्कळदां त्यानें दुसरा मार्ग पाहिलेलाच नसतो, कारण पाहण्याची गरज त्याला कधीं पडलेली नसते.

आपल्या राज्यघटनेनें आरंभीं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांत घातला होता. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें तो तेथून काढला, आणि कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेतां येणार नाहीं, एवढ्यापुरताच तो उरला. पुढें २०१३ च्या भूसंपादन कायद्यानें, जो १ जानेवारी २०१४ पासून अंमलांत आला, जुन्या १८९४ च्या कायद्याची जागा घेतली. त्यानें मोबदला पुष्कळ वाढविला. शिवाय खासगी कंपनीसाठीं जमीन घ्यावयाची असल्यास ८० टक्के आणि खासगी-सरकारी भागीदारीसाठीं ७० टक्के बाधित कुटुंबांची संमति लागेल असें ठरविलें. मजूर व कुळें यांच्या पुनर्वसनाचाही त्यानें विचार केला. मुळशीच्या मावळ्यांनीं जें मागितलें होतें त्याचा कांहीं अंश नव्वद वर्षांनीं कायद्यांत आला. मात्र सरकार स्वतःच्या कामासाठीं जमीन घेतें तेव्हां ही संमतीची अट लागू नाहीं. कंपनीनें विचारावें, सरकारनें विचारूं नये, असा हा विचित्र शिष्टाचार आहे.

तेव्हां निष्कर्ष काय? सरकार नकोच, असें म्हणणें हें भिंतींशिवाय छप्पर मागण्यासारखें आहे; ज्या संमतीचा एवढा गौरव, ती कागदावर नोंदवून तिचें रक्षण करावयास न्यायालय आणि तलाठ्याचें दप्तर लागतेंच. पण सरकारला सर्व कांहीं माहीत आहे, म्हणून त्यानें विचारण्याची गरज नाहीं, असें म्हणणें त्याहून घातक आहे. क्रम महत्त्वाचा आहे. आधीं विचारावें, मग भाव वाढवून विचारावें, मग भागीदारी देऊं करून विचारावें, ज्याचें नांव कागदावर नाहीं त्यालाही विचारावें. एवढें करूनही खरोखरच सर्वांच्या वाटेचा एखादा रस्ता अडत असेल, तर सक्तीला हात घालावा, आणि तो उघडपणें, कारण सांगून, जड मनानें घालावा. आज पुष्कळ ठिकाणीं हा क्रम उलटा आहे: सक्ति पहिल्या दिवशीं आणि विचारपूस शेवटीं.

आठवड्याच्या बाजारांतील त्या बाईला अर्थशास्त्र ठाऊक नसतें. पण गिऱ्हाईक चार पावलें पुढें गेलें कीं तिला कळतें, आपण मागितलेला भाव त्याला पटला नाहीं. आणि ती पुन्हां एकदां हांक मारते. ज्या सरकारपासून लोकांना चार पावलें दूर जातां येत नाहीं, त्या सरकारला आपली चूक कळावी कशी, आणि कधीं?